रोवीना कार्व्हरचं पदवीदानाचं भाषण

रोवीना कार्व्हर बोलायला लागली की माणसं हातातलं काम बाजूला ठेवून ऐकत. पण आपण जे बोललोच नाही तेही लोकांना ऐकू येतं, हे तिला कॉलेजच्या शेवटच्या वर्षी कळलं.

मेन राज्यातल्या त्या छोट्या कॉलेजात दर वसंतात पदवी घेणाऱ्यांपैकी एकाची निवड होई. समारंभाच्या दिवशी त्याने आपल्या सोबत्यांना चार शब्द सांगायचे. विषय ठरलेला नसे, पण फिरून फिरून सगळे तिथेच येत: यश म्हणजे काय ते लोकांना विचारू नका, स्वतः ठरवा. निवडीच्या फेरीत रोवीनाने आपल्या बापाची गोष्ट सांगितली. मर्ल कार्व्हरने सोळाव्या वर्षी शाळा सोडली. सार्डिन मासळी डब्यांत भरायच्या कारखान्यात त्याच्या वडलांनी कारकुनाची खुर्ची त्याच्यासाठी धरून ठेवली होती. गावात त्या खुर्चीला मान होता. ती नाकारून हा पठ्ठ्या शेवंडं धरायला समुद्रावर गेला आणि आजवर कुणाचा हेवा न करता जगला.

"यश कसं दिसतं असं मला कुणी विचारलं," रोवीनाने शेवट केला, "तर मी पहाटे धक्क्यावरून सुटणाऱ्या त्या बोटीकडे बोट दाखवीन."

परीक्षकांतल्या दोघांनी डोळे पुसले. निवड झाली. कॉलेजच्या मासिकात तिचा फोटो आला आणि खाली मजकूर: पदवी घेऊन समुद्राकडे परतणारी मुलगी.

परतणार असं ती कुठेच म्हणाली नव्हती. उलट बॉस्टनच्या एका विमा कंपनीतली नोकरी तिने आधीच पत्करली होती, फक्त घरी सांगायचं राहिलं होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं. मासिक कोण वाचतंय, असं म्हणून तिने ती चूक दुरुस्त करून घ्यायचंही सोडून दिलं. पण तिची आई डॉट गावचं पोस्ट सांभाळायची. गावात येणारा कागद न् कागद तिच्या हातून जाई. मासिक घरी पोचलं आणि एरवी हवामानाच्या अंदाजापलीकडे काही न वाचणाऱ्या मर्लने ते दोनदा वाचलं.

मग आईचा फोन आला. "रो, बाबाने क्लेटनला दुसरी बोट शोधायला सांगितली. म्हणाला, जूनपासून माझी पोरगी येतेय."

क्लेटन हा मर्लच्या बोटीवरचा सोबतीचा माणूस. सापळ्यात आमिष भरायचं, माल निवडायचा, सापळे पुन्हा पाण्यात लोटायचे, ही सगळी कामं त्याची. चांगल्या माणसाला किनाऱ्यावर मागणी असते. क्लेटनला चार दिवसांत दुसरी बोट मिळाली होती.

रोवीनाने फोन ठेवला आणि त्याच शनिवारी घर गाठलं.

रविवारी मर्ल सापळे ओढत नसे. म्हणून तिने कॉलेजचा सोमवारचा एक तास बुडवला आणि पहाटे बापाबरोबर बोटीवर गेली. धुकं पातळ होतं, पाणी शांत. मर्ल खुशीत होता. पहिलाच सापळा वर आला. रोवीनाने शेवंडं मोजपट्टीवर धरून पाहिली, लहान होती ती पाण्यात परत टाकली. हात सराईत होते. ते बघून तो आणखीच खूश झाला.

"बाबा, मी जूनमध्ये येत नाहीये."

"मग जुलैत ये. परीक्षा झाल्या की थोडी हिंडून ये. कोण अडवतंय?"

"जुलैतही नाही. मला बॉस्टनला नोकरी लागलीय. विमा कंपनीत."

मर्लने इंजिन मंद केलं. "विमा विकणार तू?"

"विकणार नाही. कुणावर किती संकट येऊ शकतं याचं गणित मांडायचं."

"ते मी फुकट सांगतो. सगळ्यांवर येतं."

रोवीनाचा आवाज आपोआप व्यासपीठावरचा झाला. "बाबा, तू सोळा वर्षांचा होतास तेव्हा आजोबांनी तुझ्यासाठी..."

"थांब," मर्ल म्हणाला. "ते वाचलंय मी. माझीच गोष्ट मला ऐकवू नकोस. सरळ बोल."

मग ती सरळ बोलली. "मला हे काम येतं, पण आवडत नाही. कधीच आवडलं नाही. लहानपणी तुझ्याबरोबर यायचे तेव्हा मी मनात बेरजा करत बसायचे. वारा असा असला की किती शेवंडं, पाणी गार झालं की किती. तुला वाटायचं, पोरगी समुद्र बघतेय."

मर्लने दोरी गुंडाळायला घेतली. "म्हणजे चार लोकांत सांगायला माझं आयुष्य सोन्याचं. घ्यायची वेळ आली की नको."

"सोन्याचंच आहे. पण ते तुझं आहे, बाबा."

"मी क्लेटनला सोडलं."

"मला आधी विचारायचं होतंस."

"तू आधी सांगायचं होतंस."

दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण पुढे सरकेना. उरलेले सापळे त्यांनी ओढले. धक्क्याला लागल्यावर तिने विचारलं, "समारंभाला येशील ना?" तो म्हणाला, "वारा बघू." मुलीच्या समारंभाला जायचं की नाही हे कुणी वारा बघून ठरवत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

कॉलेजात परतल्यावर रोवीनाने भाषणाचा शेवट खोडून टाकला. भाषणाची तयारी पेल्कीबाई करून घेत होत्या. वक्तृत्व शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. नवा मसुदा वाचून त्यांनी चष्मा काढला.

"तुझा बाप हा या भाषणाचा कणा. त्याच्याकडे परत जाणं हा शेवट. कॉलेजच्या अध्यक्षांनाही तोच शेवट आवडलाय. तो काढलास तर उरतं काय?"

"खरं आहे ते उरतं."

"खरं असलं तरी पटवावं लागतं, बाळ. बॉस्टन आणि विमा ऐकून कुणाचा ऊर भरून येत नाही."

"नाही आला तर नाही. बाई, ऐकणाऱ्याचा हात धरून त्याला दारापर्यंत न्यावं, असं तुम्हीच शिकवलंत. आत ढकलावं असं कुठे शिकवलंत?"

पेल्कीबाईंनी चष्मा परत चढवला. मग त्यांनी पेन तिच्यापुढे सरकवलं. "हे लिहून घे आणि भाषणात घाल. आणि घाईघाईने बोलू नकोस."

समारंभाच्या दिवशी ऊन पडलं होतं. काळे झगे घातलेली मुलं हिरवळीवर खुर्च्यांत बसली होती आणि मागे आयाबाप एकमेकांच्या डोक्यांवरून फोटो काढत होते. रोवीना उभी राहिली तेव्हा तिला शेवटच्या रांगेमागे आई दिसली, आणि आईशेजारी लग्नाकार्यातला कोट घालून उभा असलेला बाप. खुर्ची रिकामी होती, तरी तो बसला नव्हता.

तिने बापाची गोष्ट सांगितली, पूर्वीसारखीच. मग म्हणाली, "ही गोष्ट ऐकून सगळ्यांना वाटलं, मी त्या बोटीवर परत जाणार. मी जात नाहीये. मी बॉस्टनला विमा कंपनीत गणितं करायला जातेय, आणि मला फार आनंद झालाय." हशा पिकला. ती थांबली, तो विरू दिला.

"यश म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा, असं आज इथे प्रत्येक जण सांगेल. मीही सांगतेय. पण असं सांगणाऱ्याच्या खिशात बहुधा त्याचं स्वतःचं उत्तर तयार असतं. कुणाच्या खिशात मोठा पगार असतो, कुणाच्या खिशात साधं राहणं. साधं राहणं ऐकायला गोड लागतं, म्हणून त्यापासून जास्त सावध राहा. माझ्या बापाने खुर्ची नाकारली, ती खुर्ची वाईट म्हणून नाही, त्याची नव्हती म्हणून. मी खुर्ची घेतेय, ती माझी आहे म्हणून. तुम्हाला दारापर्यंत न्यायचं काम माझं. आत जायचं की नाही, ते तुमचं. आणि एक करा. ज्या माणसाला तुमचं उत्तर आवडणार नाही, त्याला आधी सांगा. टाळ्या वाजवणाऱ्यांना मागून सांगितलं तरी चालतं. मी हे उलट्या क्रमाने केलं. महागात पडलं."

टाळ्या उठल्या. मर्लने हाताची घडी घातली होती, ती सोडली नाही.

नंतर झाडाखाली तिघं बशा घेऊन बसली. पावाच्या तुकड्यात शेवंडाचं मांस भरून ठेवलं होतं. मर्लने एक घास घेतला. "हा माल आठवड्याचा शिळा आहे," तो म्हणाला. तरी दुसरा घास घेतला.

"त्या बेरजा," त्याने शेवटी विचारलं, "बरोबर यायच्या?"

"बहुतेक वेळा."

"मग तेव्हाच बोलायचं की. मी उगाच उत्तरेच्या खडकांपाशी हंगाम घालवले."

रोवीना हसली. तोही हसला, थोडंसंच. मग पुन्हा गंभीर झाला. "बॉस्टन तर बॉस्टन. पण आता बोटीवर मला माणूस कुठून मिळायचा? हंगाम तोंडावर आलाय."

"मी येते," डॉट म्हणाली.

मर्लला वाटलं, ती मीठ घेऊन येते म्हणतेय. "कुठे?"

"बोटीवर. जूनपासून."

"तू? आणि पोस्ट?"

"पोस्टात मी सबंध गावाची पत्रं लावत आले. आता दुसरं कुणी लावेल. मघाशी ही पोरगी बोलत होती ना, तेव्हा सगळी मुलं मान डोलवत होती. मी मनात म्हटलं, आपल्याला हे कुणी विचारलंच नाही. आपणही स्वतःला नाही."

"डॉट, तुला बोट लागते."

"एकदा लागली होती. ही पोटात होती तेव्हा. त्यानंतर तू मला परत कधी ये म्हणाला नाहीस."

मर्लने बायकोकडे पाहिलं. इतकी वर्षं संसार करून तिचा हा चेहरा त्याने पाहिला नव्हता. बापाची गोष्ट रोवीनाने कुठे कुठे सांगितली होती, पण आईची काही गोष्ट असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"पहाटे उठावं लागतं," मर्ल म्हणाला.

"रोज तुझा डबा कोण भरतं? मी उठलेलीच असते."



जूनमध्ये डॉटने पोस्टाच्या किल्ल्या दिल्या आणि रबरी बूट चढवले. पहिले काही दिवस धक्क्यावरची माणसं हसली. क्लेटन म्हणाला, "मर्ल, आता बोटीवर शिवी द्यायची सोय राहिली नाही." डॉटने त्याला अशी एक शिवी ऐकवली की त्यानंतर कुणी काही बोललं नाही. हातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. कमरेचं दुखणं तिने कुणाला सांगितलं नाही.

रोवीना बॉस्टनमध्ये रमली. नदीकाठच्या उंच इमारतीत तिचं टेबल होतं, आणि सकाळी तिथे जाताना तिची पावलं आपोआप भराभर पडत. घरी फोन केला की आता आईच जास्त बोले: कुठल्या खाचेत माल लागला, कुणाच्या सापळ्याचा तरंगता बोया भरकटला, मर्ल दोरी कशी चुकीची गुंडाळतो.

शरद सुरू झाला त्या सुमाराला आईने सांगितलं की तिने स्वतःच्या नावाने शेवंडं धरायच्या परवान्याची चौकशी केलीय.

मागून मर्लचा आवाज आला. "तिला सांग, मग दुसरी बोट लागेल."

"लागू दे," डॉट म्हणाली, आणि पुन्हा लेकीला वाऱ्याचं सांगू लागली.