गळा न आलेला स्वेटर

ताईने सुया पिशवीत घातल्या आणि पिशवीचे बंद आवळले, तेव्हा तिच्या धाकट्या भावाने ओळखलं, की प्रकरण गंभीर आहे. नुसती रागावली असती, तर तिने सुया आपटल्या असत्या.

"माझे डोळे गेले रे," ती म्हणाली. "लेकीच्या बाळाला आता दुकानातलाच स्वेटर आणू. पुन्हा सुयांना हात लावायची नाही मी."

स्वेटर तिच्या मांडीवरून गुडघ्याखाली लोंबत होता. बदकांच्या रांगेवर रांग, आणि गळ्याचा पत्ता नाही.

छापील नमुन्यातल्या बारीक चौकटी तिला दिसेनात, म्हणून धाकट्याने कॉम्प्युटरवर मोठ्या चौकटींचा नमुना करून दिला होता. एक चौकट म्हणजे एक टाका. पोटापाण्यासाठी तो प्रोग्रामच लिहायचा, त्यामुळे ऐट दांडगी. पहिल्या खेपेला पडद्याच्या कडेची सरकपट्टी केसभर हलवली तरी प्रोग्राम अख्खा नमुना नव्याने रंगवत बसे. पडदा लुकलुके, ताईचं डोकं दुखे. मग त्याने पडद्यावरच्या खिडकीत दिसतील तेवढ्याच चौकटी रंगवायचं ठरवलं. पडदा लोण्यासारखा सरकू लागला. गडी इतका खूश झाला, की शेवटपर्यंत सरकवून बघायचं राहूनच गेलं. स्वतःवर खूश असलेली माणसं तपासणीत फार कंजूष असतात.

आता त्याने पट्टी खाली ओढली. बदकं. आणखी ओढली. तीच बदकं. पट्टी तळाला टेकली, तरी बदकं हटेनात.

"ताई! अगं, नमुना किती सरकला ते मी हिशेबात धरलंच नाही! तू कुठेही जा, मी आपला पहिल्या ओळीपासूनच रंगवतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसलं तेच विणलंस तू. टाका न् टाका बरोबर. डोळे ठणठणीत आहेत तुझे. चूक माझी, सगळी माझी!"

लहानपणी फोडलेली प्रत्येक बरणी ताईच्या नावावर टाकणारा हा माणूस, चूक कबूल करताना एवढा उजळलेला कधी कुणी पाहिला नव्हता.

"मेल्या," ताई म्हणाली, "आधी मला वाटलं, लेकीच्या मामाने हौसेने जास्तीची बदकं घातलीत."

त्याने एक ओळ दुरुस्त केली. पट्टी सरकली, बदकं वर निघून गेली, साध्या ओळी आल्या आणि मग दोन्ही बाजूंनी उतरता गळा. ताईने बोट टेकवून चौकटी मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग पिशवीचे बंद सोडले.

"हात पुढे कर."

ताई जास्तीची बदकं उसवत गेली, लोकर त्याच्या दोन्ही हातांभोवती गुंडाळत गेली. मध्येच त्याचं नाक खाजलं. तो हलला नाही.