आदल्या दिवशीची ईद

लवू परडकरची आयुष्यात बऱ्याच जणांशी भांडणं झाली, पण शौकत परकारशी झालं ते न भांडता, आणि तेच त्याला जास्त लागलं. दोघे घोडपदेवच्या एकाच चाळीत वाढलेले. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा लवूला पाचवा मजला मिळाला, शौकतला सहावा, आणि सोसायटीच्या ऑफिसातला कॅरम दोघांना मिळून. दर दिवाळीला लवूकडून फराळाचा डबा वर जायचा. गेल्या दिवाळीत मात्र लवूच्या बायकोचं, मालनचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि फराळ राहिला. लवूने डोकं चालवलं. मोबाइलवर आलेला पणत्यांचा एक फोटो त्याने शौकतला तसाच पाठवून दिला. फोटोच्या तळाशी काय लिहिलंय ते वाचायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. तळाशी लिहिलं होतं, ‘झुरळ, ढेकूण, उंदीर यांवर खात्रीशीर उपाय. घरी येऊन फवारणी.’

शौकतचं उत्तर आलं नाही. शौकतही खाली आला नाही. लवू कॅरमच्या दोन्ही बाजूंनी एकटाच खेळायचा आणि तरी हरायचा.

माफी मागण्याची पद्धत परडकरांच्या घराण्यात नव्हती. त्यामुळे उरली ईद. ईदेला असं काहीतरी बोलायचं, की शौकत पणत्याही विसरेल आणि उंदीरही. लवूने मुलीला, श्रेयाला, कामाला लावलं.

“पप्पा, सरळ ‘सणाच्या शुभेच्छा’ पाठवा ना. आमच्या ऑफिसात सगळ्यांना एकच मेसेज जातो. दिवाळी, नाताळ, ईद, सगळ्याला तोच. कोणाला राग नको.”

“सणाचं नावच घ्यायचं नाही? हे म्हणजे लग्नाला जाऊन नवऱ्याचं तोंड न बघण्यासारखं झालं.”

मग श्रेयाने नेटवरून शायरी काढून दिली. लवू खिडकीत उभा राहून सराव करू लागला. ‘ख़ुशियाँ’मधला ख नीट घशातून यावा म्हणून त्याने इतका जोर लावला, की आतून मालन ओरडली, “घसो बसलो काय तुमचो?” शायरी तिथेच बारगळली.

शेवटी ठरलं ते साधंच. ‘ईद मुबारक’, पण स्वतः जाऊन, आणि सगळ्यांच्या आधी. कॅलेंडरवर तांबडा आकडा होताच. लवूने आदल्या रात्री जेवणही घेतलं नाही. शौकतच्या बायकोच्या शीरखुर्म्याला पोटात जागा हवी, असं कारण सांगून तो टीव्हीसुद्धा न बघता लवकर आडवा झाला.

सकाळी घर उठायच्या आत इस्त्रीचा झब्बा घालून, कानामागे अत्तर लावून लवू जिना चढला. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर नव्हता. बेल दाबली. आत बराच वेळ कुणी हललं नाही. दुसऱ्यांदा दाबली. दार उघडलं तेव्हा समोर शौकत होता, लुंगीवर, डोळे अर्धे मिटलेले.

“ईद मुबारक!” लवू एवढ्या जोरात ओरडला, की समोरचं दारही उघडलं.

शौकतने त्याच्याकडे बघितलं. झब्ब्याकडे बघितलं, मग वास घेतला.

“चांद दिसला नाय काल,” तो म्हणाला. “आज रोजा आहे. ईद उद्या.”

“पण कॅलेंडरवर...”

“चांद कॅलेंडर वाचत नाय.”

“मी रात्रीपासून उपाशी आहे रे, शीरखुर्म्यासाठी,” लवूच्या तोंडून निघून गेलं.

शौकतचा चेहरा विचित्र झाला आणि त्याने दार लावून घेतलं. सरळ तोंडावर.

लवू खाली आला तेव्हा श्रेया फोन नाचवत उभी होती. सुट्टी उद्यावर गेल्याचा मेसेज ऑफिसातून रात्रीच आला होता. लवूने झब्बा काढून फेकला आणि चहात बुडवून सहा बटर खाल्ले. दिवसभर तो कुणाशी धड बोलला नाही. त्याला खरंच रडू येत होतं. एवढ्या वर्षांच्या मैत्रीत शौकतने दार कधी लावलं नव्हतं. संध्याकाळी खाली पोरांनी चांद दिसला म्हणून गलका केला, तेव्हा याने खिडकी बंद केली.

“उद्या जातलात मां?” मालनने विचारलं.

“कुठल्या तोंडाने जाऊ?”

दुसऱ्या दिवशी लवू मुद्दाम उशिरा उठला. बनियनवर उभा राहून दात घासत होता, तेवढ्यात बेल वाजली. ब्रश तोंडात ठेवूनच त्याने दार उघडलं. दारात कडक पांढऱ्या कपड्यांत शौकत, हातात झाकलेलं पातेलं.

“शुभ दीपावली,” शौकत म्हणाला. “तुझ्या त्या उंदरांच्या औषधाला उत्तर द्यायचं राहिलं होतं.”

लवूने ब्रश तोंडातून बाहेर काढला.

“आणि रोज्याच्या दिवशी माणसाला असं हसवतात काय रे मेल्या? दार लावून खाली बसलो. हसून हसून घसा सुकला, पाणी प्यायची सोय नाय. बायको विचारते, कोण मेलं?”

आता बोलायची वेळ होती. ईद आजच होती, माणूस समोर होता, आणि लवूचं तोंड फेसाने भरलेलं होतं. थुंकायला मोरीपर्यंत जाण्याइतकी उसंत त्याला नव्हती. त्याने तशीच मिठी मारली. शौकतच्या नव्या कुर्त्याच्या खांद्यावर टूथपेस्टचा हा एवढा ओला डाग पडला.

“पातेलं, पातेलं!” शौकत ओरडला, पण मिठीतून सुटला नाही.