शेऱ्याचा रकाना

चार वाजता आराखड्यावर मोठ्या साहेबांची सही व्हायची होती आणि पन्नाशीबाईंचं दुपारचं जेवण अजून उरकलं नव्हतं. वय बेचाळीसच, पण राज्याच्या पाण्याचा पन्नास वर्षांचा आराखडा लिहायला घेतल्यापासून कचेरीने त्यांना हे नाव बहाल केलं होतं. ज्या बाईला स्वतःचा बसचा पास वेळेवर काढणं जमत नाही, ती आपल्या पणतवंडांचं पाणी वाटून देतेय, असं नकाशे काढणारा म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं.

आजही त्या जेवायला म्हणून घरी आल्या होत्या आणि उभ्यानेच जेवत होत्या.

"बस की गं. पन्नास वर्षं आहेत तुझ्याकडे," बाबा म्हणाले. ते त्याच खात्यातले निवृत्त मोजणीदार. विहिरीत टेप सोडायची आणि पाणी किती खोल ते वहीत लिहायचं, यात त्यांची तीस वर्षं गेली होती. "वाच तरी, काय लिहिलंयस."

बाईंनी मुद्द्याचं तेवढं वाचलं. पूर्वेकडच्या अकरा विहिरींचं पाणी दहा वर्षांत दोन मीटर वर आलं. सबब तिथे चारशे नव्या बोअरवेलना परवानगी द्यायला हरकत नाही.

बाबांचा हात ताटातच थांबला. "अकराच्या अकरा? सारख्याच दोन मीटर?"

"हो. बंधाऱ्यांमुळे."

"विहिरी आहेत का कवायतीची पोरं, एका शिट्टीला वर यायला? आणि त्या माझ्याच ना? अगं, माझी टेप तुटली होती! पहिले दोन मीटर विहिरीत गेले. नवी मागितली, तर तेव्हाचे साहेब म्हणाले, आहे त्यात भागवा. वजन दोनच्या खुणेला बांधलं आणि मोजत राहिलो. आकडा दोनने जास्त यायचा, पाणी तेवढं खोल दिसायचं. माझ्यानंतर आला त्याला नवी टेप मिळाली. पाणी कुठलं वर येतंय, टेप धड झाली!"

"मग वजा करून का नाही लिहिलं?"

"टेपवर दिसेल तेच लिहायचं, असा नियम होता. पण शेऱ्यात लिहिलं की मी. प्रत्येक ओळीला. 'दोन वजा करावेत.'"

बाईंच्या हातातला पेला टेबलावर आपटला. त्या वह्या संगणकात चढवणारी तेव्हाची नवी उमेदवार म्हणजे त्या स्वतःच, आणि शेऱ्याचा रकाना त्यांनीच गाळला होता. कारण बाबांचे शेरे. 'मालकीण भांडली.' 'कुत्रा मागे लागला.' 'सातव्या पायरीवर कासव. पाणी त्याच्या पोटाशी. प्रकृती बरी.' सरकारी वहीत कासवाची प्रकृती! आडनाव एकच, लोक हसतील, म्हणून सगळा रकानाच उडवला. वर नीटनेटकेपणाबद्दल शाबासकीही घेतली.

"ते कासव कुठल्या विहिरीत होतं?"

बाबा एव्हाना चपला शोधत होते. "चौथ्या. जवळच आहे. तू वही काढ, मी पाणी आता कितव्या पायरीला आहे ते बघून येतो."

जुन्या दप्तरांच्या खोलीत बाईंनी तीन कपाटं उलटीपालटी केली. वही चौथ्यात निघाली. नऊ वर्षं, ओळीमागून ओळ, 'दोन वजा करावेत'. शेवटी शेवटी हात कंटाळून 'दो. व. क.' कासवाची नोंद दहा वर्षांपूर्वीची, पण नेमकी याच महिन्यातली होती.

मोठे साहेब पेन उघडून बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि वही जरा लांब धरून वाचली.

"बाई, पन्नास वर्षांत दोन मीटर इकडे तिकडे व्हायचेच."

"पन्नास वर्षं नंतर, साहेब. चारशे बोअरवेल येत्या दोन वर्षांत आहेत."

"मग तळटीप टाका. जुनी मोजणी सदोष. मोजणीदार काय, निवृत्तच आहेत. त्यांचं आता काय वाकडं होणार? सही उरकते, तुमची बढतीही राहते."

बाई खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. खुर्ची मागे सरकवली, पुन्हा पुढे ओढली.

"मोजणी बरोबर होती. रकाना मी गाळला."

तेवढ्यात फोन वाजला. हातात वही, म्हणून बाईंनी तो टेबलावरच स्पीकरवर घेतला आणि बाबांची धाप साहेबांच्या खोलीभर पसरली. "सातवी पायरी कोरडी ठणठणीत! पाणी आठवीला आहे. वर कसलं येतंय, एक पायरी खाली गेलंय!"

 साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"तसं लिहून द्या. चूक तुमची, नावानिशी. बढतीचं मला काही सांगता येणार नाही."

"देते."

"आधी बसा हो! मघापासून माझी खुर्ची हलवताय."

बाई बसल्या. कोरा कागद ओढला. पहिली ओळ दोनदा खोडली. फोन चालूच होता.

"ऐकतेस ना गं? कासव आहे अजून. तेही एक पायरी उतरलंय. आठवीवर बसलंय."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं.

"हेही लिहा," साहेब म्हणाले.