मेण वितळलं असतं

मी एक जुना कागद बोलतोय. माझी घडी जपून उघडा, पाठीवर लाल मेणाची मोहोर आहे.

अमेरिका हा देश अगदी नवा होता, तेव्हा फिलाडेल्फियात युद्ध खात्याच्या कचेरीत माझा जन्म झाला. कारकुनाने पिसाच्या लेखणीने माझ्यावर लिहिलं, ‘बर्फ पडायच्या आत शिपायांचे बूट पाठवा.’ हाच मजकूर त्याने दुसऱ्या कागदावर उतरवला. तो माझा जुळा भाऊ. तो कचेरीत राहिला. मी घोड्यावरून मॅसॅच्युसेट्समधल्या एका बूट शिवणाऱ्याकडे गेलो.

त्याने बूट वेळेवर पाठवले आणि मला टेबलाच्या खणात ठेवलं. खणात ठेवलेलं माणसं विसरतात. मलाही विसरली.

गेल्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्याच श्रूजबरी गावच्या विनयरावांनी एका गराज सेलमध्ये, म्हणजे कुणीतरी घरासमोर मांडलेल्या जुन्या सामानातून, ते टेबल घेतलं. त्यांच्या मुलीला, नैनाला, मी सापडलो. नैना घराबाहेर फारशी बोलत नाही. दुकानात काही हवं असलं, तर बाबांची बाही ओढते.

“लॅमिनेट करून टाकू!” विनयराव म्हणाले. “माझी दहावीची मार्कशीट बघ, अजून कडक आहे.”

“मार्क मात्र लॅमिनेट करूनही वाढले नाहीत,” नैनाची आई शैलाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

लॅमिनेशनच्या दुकानात मला प्लॅस्टिकमध्ये सरकवलं. मशीनची धग माझ्या कडेला लागली. नैनाने बाही ओढली, पण विनयराव फोनवर होते.

“स्टॉप!”

अख्खं दुकान वळलं. नैना लालबुंद झाली होती, पण थांबली नाही. “बाबा, हे सील वॅक्सचं आहे! मेल्ट होईल!”

“अरे बापरे! कॅन्सल, कॅन्सल!” विनयरावांनी मला ओढून बाहेर काढलं.

मग नैनाने स्वतः फोन करून गावातल्या ग्रंथालयाची वेळ घेतली. तिथल्या बाईंनी मला पाहिलं आणि खुर्चीतून उठल्याच. त्यांनी सांगितलं, युद्ध खात्याची ती कचेरी पुढे फिलाडेल्फियाहून वॉशिंग्टनला गेली आणि १८०० साली जळाली, कागदांसकट. माझा भाऊ त्या आगीत गेला, हे मला तेव्हा कळलं. “याची दुसरी प्रत कुठेच सापडलेली नाही,” बाई म्हणाल्या. विनयरावांनी पार्किंगमधूनच सगळ्या नातेवाइकांना फोन लावले.

आज माझा फोटो इंटरनेटवर जगात कुठूनही बघता येतो. भाऊ गेला, पण त्याचा शब्द न् शब्द माझ्या अंगावर आहे. आगीला वाटलं होतं, सगळं संपलं. नाही संपलं!

तुमच्याही खणात माझ्यासारखं कुणी असेल. त्याला बाहेर काढा, पण गरम मशीनपाशी नेऊ नका. आणि कुणी नेलंच, तर नैनासारखं मोठ्याने ओरडा. माझं मेण अजून लाल आहे, ते त्या एका ओरडण्यामुळे.