सुटं कपाट

मी एक प्लायवुडचं कपाट आहे आणि ज्यांनी मला बनवलं त्यांच्यावर माझा राग आहे. अशा वेळी 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो. पण मित्रांनो, तुमच्यावरही माझा फारसा विश्वास नाही. तुम्हीही ड्रॉवरवर पाय देऊन चढत असणारच.

मला बनवलं भूगोलाच्या एका मास्तरांनी, आणि तेही हौसेनं नव्हे, चिडून. त्यांचा मोठा भाऊ सुतार. एकदा जेवताना तो म्हणाला, "तुझे हात खडू धरायचे. कपाट मी करून देतो." मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्याच दिवशी करवत, ड्रिल आणि प्लायवुडच्या शीट घरात आल्या. दादाची जिरवायची, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला.

प्लायवुडला जाडी असते हे मास्तर विसरले. मी बाहेरून नव्वद सेंटिमीटर रुंद, तर आतल्या फळ्याही त्यांनी नव्वदच्याच कापल्या. त्या आत जाईनात. मग रागाच्या भरात, जेवढं एका बाजूनं कापायचं तेवढं त्यांनी दोन्ही बाजूंनी कापलं. आता फळ्या आत जायच्या आणि थेट खाली पडायच्या. आणखी एक शीट आणायला हवी होती, पण दुकानदार दादाच्या ओळखीचा. बातमी तिकडे पोचली असती. म्हणून मास्तरांनी उरलेल्या तुकड्यांत भागवलं आणि पुढून मागपर्यंतचं माझं माप निम्मं करून टाकलं. मी उंच झालो, पण उभ्या ठेवलेल्या वहीसारखा. फटींमध्ये भुसा आणि गोंद कालवून भरला. तो अजून माझ्या पोटात आहे.

पाहुणे आले की मास्तर माझ्यावर थाप मारून सांगत, "घरी केलंय." त्यांच्या बायकोला मात्र माझं दार रोज गुडघ्यानं रेटून लावावं लागे.

"अहो, हे हलतंय."

"होईल सवय."

"कुणाला? मला की कपाटाला?"

मास्तर पेपरात डोकं घालून बसले.

एका रविवारी दादा आला. बसायच्या आधी त्यानं मला एका बोटानं ढकललं. मी डुललो.

"हे पुढे पडेल," तो म्हणाला. "घरात पाच वर्षांची पोर आहे. मागे दोन पट्ट्या मारून भिंतीला पक्कं करू. उद्या ड्रिल घेऊन येतो."

"तुला बघवत नाहीये, दादा."

"अरे, मी कामाचं बोलतोय."

"माझ्या भिंतीला हात लावायचा नाही."

दादा चहा न घेताच निघून गेला आणि पुन्हा फिरकला नाही. मला दोघांचाही संताप आला. एकाला ऐकायचं नव्हतं, आणि दुसरा सगळं कळत असूनही रुसून घरी बसला.

मास्तरांच्या मुलीला सगळे ठकी म्हणतात. तिचे रंग माझ्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवलेले होते. एका दुपारी मास्तर शाळेत होते आणि आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ठकीनं माझे तिन्ही ड्रॉवर बाहेर ओढले आणि जिना चढावा तशी ती चढू लागली. तिसऱ्या ड्रॉवरवर तिचा पाय पडला आणि मी पुढे झुकलो. मला स्वतःला सावरता आलं नाही. माझी वरची कड समोरच्या पलंगावर अडली म्हणून पोर वाचली. हात मात्र माझ्याखाली सापडला आणि मोडला.

मास्तरांनी मला पुन्हा भिंतीशी उभं केलं, तसंच सुटं. फोनवर ते सगळ्यांना सांगत होते, "भारी मस्तीखोर आहे. कितीदा सांगितलं, चढायचं नाही म्हणून." मी ऐकत होतो. मला बोलता आलं असतं तर चार लोकांत त्यांची शोभा केली असती.

दोन दिवसांनी ठकी प्लास्टरचा हात सांभाळत माझ्यासमोर आली. "सॉरी हं," ती म्हणाली. "मी चढले म्हणून तू पडलंस."

मित्रांनो, इतका राग मला आधी कधीच आला नव्हता. तिच्या आईनंही ते ऐकलं.

"अहो, इकडे या. पोर कपाटाची माफी मागतेय. तिची कोण मागणार?"

मास्तर आले. ठकीसमोर फरशीवर बसले.

"ठके, चूक तुझी नाही. कपाट भिंतीला पक्कं करायला हवं होतं. मी करू दिलं नाही."

"का?"

"मोठे काका म्हणाले म्हणून."

ठकीनं विचार केला. "मग काकांना सांग ना, तुमचं बरोबर होतं."

मास्तरांनी फोन लावला. "दादा," एवढंच ते म्हणाले, तोच पलीकडून आवाज आला, "पोरीचा हात कसा आहे? थांब, निघालोच मी."

आता मी भिंतीला चार स्क्रूंनी जखडलेला आहे. तुमच्या घरी उंच कपाट असेल, तर ते भिंतीला पक्कं केलंय का, हे मोठ्यांना आजच विचारा. "बघू" म्हणाले, तर उद्या परत विचारा. ते चिडले तरी विचारा.

ठकीनं बाबांना त्याच संध्याकाळी माफ केलं. मी अजून केलेलं नाही. तिचा हात मोडला तेव्हा त्यावर मी होतो.