जवाईबुवांची खुर्ची

"पाय वर घे पुष्पे, तेजाब सांडंल लुगड्यावर."

पुष्पानं पाय वर घेतले. जीपच्या पुढच्या सीटवर बसून पाय वर घ्यायचे म्हणजे घ्यायचे तरी कुठं? खाली दोन बॅटऱ्या, अंगानं चांगल्या म्हशीच्या पारड्यांएवढ्या. बोनेटखालून काढलेल्या जाड तारा त्यांना जोडलेल्या. तार मागपर्यंत पुरत नाही म्हणून बॅटऱ्या पुढं, आणि बॅटऱ्या पुढं म्हणून बायको मांडी घालून. जीपच्या मागं दोनचाकी गाड्यावर चढवलेली नाव डुलत येत होती.

रस्त्याच्या कडेला कापसाचं गाठोडं टेकून बसलेला एक जण ओरडला, "काहून भाऊ, पूर येऊन राह्यला काय?"

"आला तर तुले नाई घेणार!" भाऊराव ओरडला आणि गाडी दामटली.

पुष्पानं पदर तोंडाला लावला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या गाडीत पुढच्या सीटवर ती पहिल्यांदाच बसली होती. तेही सरकारी नावेच्या पुण्याईनं.

भाऊराव सौसरच्या मासळी खात्यात ड्रायव्हर होता. उन्हाळ्यात भोपाळहून एक लहानशी मोटर आली. नावेला मागून लावायची, बॅटरीवर चालायची, आवाज नाही, धूर नाही, मासे बिचकत नाहीत. टेबलावरच्या पंख्यासारखी दिसते म्हणून सारे तिला पंखाच म्हणू लागले. पंखा आला, पण तलावावर वीज कुठली? बॅटऱ्या भरायचं काम भाऊरावच्या जीपवर आलं.

मागच्या आठवड्यात त्यानं गाडी सावलीत उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि स्वतः तंबाखू मळत फेऱ्या मारत राहिला. इंजिन चालू आहे म्हणजे बॅटरी भरते आहे, असा त्याचा हिशेब. पण एक्सलेटर दाबल्याशिवाय उभ्या गाडीचा डायनामो नुसता भुणभुणतो, देत काही नाही. तलावाच्या ऐन मध्यात पंखा थांबला. साहेबांना मासे धरणाऱ्या ढिवरांनी जेवणाच्या ताटल्यांनी पाणी ओढत काठाला आणलं. साहेब काठावर उतरले, पँट पिळली आणि एवढंच म्हणाले, "भाऊराव, बालाघाट देखा है?" म्हणजे तिकडं लांब बदली.

आता उद्या सकाळी भोपाळचे मोठे साहेब येणार होते. नावेचं बूड पांढुर्ण्याच्या मिस्त्रीकडून डागून आणायचं आणि जाता-येता बॅटऱ्या भरायच्या, असं ठरलं. त्यातच संत्र्याच्या ट्रकवाल्याबरोबर सावरगावहून पुष्पाच्या भावाचा, सुखदेवचा निरोप आला. माय अन्न घेत नाही, येऊन पाहून जा.

"थांबू ना सावरगावले," भाऊराव म्हणाला. "पण उभ्या उभ्या. गाडी बंद झाली तं सेल्फ घेत नाई. सपाट गल्लीत नावेसकट कोण ढकलंल?"

"तुमचं नेहमीचंच उभ्या उभ्या," पुष्पा म्हणाली. "लग्नातबी तुमी बसले होते का नाई, मले याद नाई."

भाऊरावला खरंच बसता येत नसे. जेवतानाही एक गुडघा वर, जणू कुणी हाक मारणारच आहे. सासुरवाडीला तो फार तर दारापर्यंत जाई. पांढुर्ण्याला साहेबांना सोडलं की मागं बसलेल्या पुष्पाला घेऊन जाम नदीचा पूल ओलांडून यायचं, हॉर्न वाजवायचा, इंजिन चालू ठेवूनच ओसरीवर चहा बशीत ओतायचा, बशी अर्धी ठेवायची आणि तिला घेऊन निघायचं. सरकारी गाडी दारात दिसली तर कुणी तक्रार करेल, असं तो सांगे. तक्रार करणारा कोण, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मायनं मात्र जावयासाठी लोखंडी खुर्ची घेऊन ठेवली होती. घडीची, हिरव्या रंगाची. पांढुर्ण्याच्या बाजारातून ती डोक्यावर घेऊन पूल चालत आली होती. त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं तिला चालत नसे. एकदा सुखदेव टेकला तर म्हणाली, "ऊठ, ते जवाईबुवांची होय." खुर्चीला गंज चढला, मायच्या डोळ्यांवर पडदा आला, जवाईबुवा काही बसले नाहीत.

मिस्त्रीनं दुपार खाल्ली. नाव डागून झाली तेव्हा उन्हं कलली होती. भाऊराव सारखा काट्याकडं बघत होता. डायनामोचा काटा भरण्याच्या बाजूला जेमतेम उभा होता.

सावरगावच्या गल्लीत जीप शिरली, मागून नाव शिरली आणि गल्ली भरली. शेळ्या पळाल्या, पोरं नावेला लोंबकळली. सुखदेव दारात आला. "जयभीम भाऊजी. या ना आत."

"जयभीम. नाई बाप्पा, तुमी बोला. मी येथीसाच हावो." भाऊरावनं एक्सलेटरवर पाय दाबून धरला. मागच्या आठवड्याची चूक त्याला आता करायची नव्हती. इंजिन गुरगुरलं, मग गर्जू लागलं. कौलं थरथरली.

पुष्पा आत गेली. माय खाटेवर होती. गोधडीखाली कुणी आहे की नाही, अशी. सुखदेवच्या बायकोनं, सुमननं, कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "आत्याबाई, पुष्पाताई आल्या!"

मायचा हात हवेत शोधू लागला. पुष्पानं तो धरला. सुकलेल्या पानासारखा हलका. मायचे ओठ हलले.

"काय म्हनते माय?"

ओठ पुन्हा हलले. बाहेर इंजिन गर्जत होतं. पुष्पानं कान मायच्या तोंडाशी नेला, तरी कानात जीपच. माय तिसऱ्यांदा काहीतरी म्हणाली, दमली आणि तिनं तोंड मिटलं.

पुष्पाला वाटलं, ही गाडी माझ्या आयुष्यभर अशीच दारात उभी आहे. पोरं झाली तेव्हाही, बाप गेला तेव्हाही. तिच्या आवाजात मला कधी काही नीट ऐकूच आलं नाही.

ती बाहेर आली. भांडायला आली असं भाऊरावला वाटलं असावं, कारण तो आधीच बोलू लागला, "अवं, आता कुठं काटा चढून राह्यला. उद्या पंखा थांबला तं बालाघाट. मंग इथं येयासाठी दोन दोन गाड्या बदलशीन. तुह्यासाठीच करून राह्यलो ना!"

"हाव," पुष्पा म्हणाली. तिला ते पटतही होतं. बालाघाट म्हणजे मायचं शेवटचं दर्शनही चुकायचं. "माय काहीतरी सांगून राह्यली. मले आयकू येत नाई. बस, एवढंच सांगाले आली."

आणि ती आत गेली.

भाऊराव काट्याकडं बघत राहिला. दारातून खाटेचा पाय दिसत होता. भिंतीला टेकवलेली हिरवी खुर्ची दिसत होती. पोरं नावेत बसून हातांनी वल्ही मारत होती. त्यानं वाकून बॅटऱ्यांच्या तारा सोडल्या. मग एक्सलेटरवरचा पाय काढला आणि किल्ली फिरवली.

गल्लीत एकदम शांतता पडली. कुणाच्या तरी घरी कुकरची शिटी झाली तीही ऐकू आली.

मायचा चेहरा पडला. पुष्पाच्या हातातली तिची बोटं सैल झाली. "गेली पुष्पा," ती स्वतःशीच म्हणाली. अगदी स्पष्ट ऐकू आलं.

पुष्पाला क्षणभर कळेना. मग कळलं. इतकी वर्षं या घरात इंजिन ऐकू यायचं थांबलं म्हणजे लेक गेली.

"नाई गेली व माय. मी हावो ना. हात पाहाय."

"मंग गाडी?"

दारात चपला निघाल्या. भाऊराव आत आला. चौकटीला डोकं आपटलं, कारण दाराची उंची त्याला माहीतच नव्हती. सुखदेवनं लगबगीनं खुर्ची उघडली. बिजागऱ्या किरकिरल्या. तो बसला.

"कोण होय?" मायनं विचारलं.

"मी भाऊराव, माय."

मायनं हात पुढं केला. आधी खुर्चीची दांडी चाचपली, मग तिच्यावरचा गुडघा. बराच वेळ हात तिथंच राहिला. "गाडी बिघडली का, जवाईबुवा?"

भाऊरावनं पुष्पाकडं पाहिलं. "हाव माय. बिघडली."

"मंग बसा आता आरामानं," माय म्हणाली. "हेच तं सांगून राह्यली होती मी पोरीले. खुर्ची दे म्हनून. आयकतच नाई."

सुमननं चहा आणला. आज बशी नव्हती, कप होता, आणि तो रिकामा होईपर्यंत कुणी उठणार नव्हतं. बाहेर पोरं विचारत होती, काका, नाव ढकलायची का? आत्ताच ढकलू का?

भाऊरावला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. त्याचा उजवा पाय जमिनीवर दबत होता, सुटत होता, पुन्हा दबत होता. पुष्पा त्या पायाकडं बघत राहिली. मायचा हात गुडघ्यावर होता, आणि त्या हाताखाली पाय हळूहळू थांबला.