ग्लिसरिनचे थेंब

हॉलिवूडच्या एका स्टुडिओत डॉक्टरांवरच्या चित्रपटमालिकेचा सहावा भाग चालला होता. सहाही भागांत नर्स झाली होती इर्मा टॉलिव्हर. त्या दिवशी पहाटे तिचा नवरा क्लाइड खऱ्याखुऱ्या इस्पितळात वारला, आणि ती तिथून थेट सेटवर आली.

"अगं, घरी जा," दिग्दर्शक हॅकेट म्हणाला. "थांबू आपण दोन दिवस."

"घरी जाऊन काय करू?" तिने विचारलं.

दृश्य साधंच होतं. मरता मरता वाचलेला रोगी डोळे उघडतो आणि नर्सला आनंदाने रडू कोसळतं. रोगी झालेल्या नटाने डोळे उघडले. इर्मा त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते. शेवटी रंगभूषा करणाऱ्या ओपलने तिच्या गालांवर ग्लिसरिनचे थेंब सोडले. शॉट झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इर्माला त्या कुठून तरी लांबून ऐकू आल्या.

संध्याकाळी ओपल तिला गाडीने घरी सोडायला निघाली.

"क्लाइडचा कोट इस्पितळातच राहिला," इर्मा वाटेत म्हणाली.

"उद्या आणू की."

"नको गं. आज गारठा आहे, त्याला लागेल."

 ओपलने गाडी इस्पितळाकडे वळवली.